आधी खोड, मग रुमाल

बाबा गेले त्याला सव्वा वर्ष झालं. शेतातली त्यांची खोली झाडून काढायचं काम मी टाळत होतो, ते शेवटी या उन्हाळ्यात केलं. पत्र्याच्या पेटीमागे खुंटीला गोणपाटात गुंडाळलेलं एक दावं निघालं. सुताचं, लाल-पांढऱ्या पिळाचं. आमच्या घरची दावी अंबाडीची असत, बाबा स्वतः वळत. हे दावं आमचं नव्हतं. कोणाचं होतं ते मला लगेच कळलं आणि मी तिथंच बाजेवर बसलो.

ज्या शेतकऱ्याचं ते दावं होतं, त्याला माझ्या वडिलांनी बैलाच्या सौद्यात फसवलं, असं आमच्या भागात अठ्ठावीस वर्षं मानलं गेलं. फसवलं मी होतं. हे मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

बाबा गुरांचे व्यापारी होते. आमचं गाव वडनेर भोलजीच्या जवळ. आठवड्यात तीन बाजार ते करत आणि बाकीचे दिवस गावोगाव फिरून जोड्या बघत. या धंद्याबद्दल लोक फारसं चांगलं बोलत नाहीत, आणि त्याला कारणंही आहेत. शिंगं तासून म्हातारा बैल तरुण करणारे, लंगड्या बैलाला बाजारात आणण्याआधी चार घोट दारू पाजणारे लोक मी जवळून पाहिले आहेत. भाव ठरतो तो रुमालाखाली. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून बोलतात. शेजारी उभ्या माणसाला काही कळत नाही.

बाबांचा एक नियम होता. रुमाल टाकण्याआधी ते बैलाची खोड सांगत, आणि तीही हळू आवाजात नाही, पाच-दहा माणसांना ऐकू जाईल अशी. "नांगराले वाघ हाय, पन बंडीले जुंपला का बसते." "डाव्या पायानं झाडते, पोट्टे जपा." घेणारा विचारात पडे. कधी निघूनही जाई. दुसरे दलाल हसत. बाबा तंबाखू मळत पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत. पण वीस-पंचवीस वर्षांत याचा असा परिणाम झाला होता, की बाबांनी ज्या बैलाची खोड सांगितली नाही, त्याला खोडच नाही असं लोक धरून चालत. त्याचे दात बघत नसत. चालवून बघत नसत.

घरात हा माणूस वेगळाच होता. बाजारातून बांगड्या आणायच्या असल्या की माप म्हणून त्यांची बोटं असत. आईच्या मनगटाला चार बोटं आणि अंगठ्याचं पेर, थोरल्या बहिणीला चार बोटं, धाकटीला तीन. बांगडी कधी सैल झाली नाही की घट्ट झाली नाही. माझे दुधाचे दात पडून पुढचे दोन मोठे दात आले, तेव्हा त्यांनी माझा जबडा उघडून आईला हाक मारली, "ओ, इकडं पाह्य, पोट्टा दोन दाती झाला. आता जुवाले लावा लागते." आई हसून हसून चुलीपुढून उठली. बैलाचं वय दातांवरून मोजतात, त्यातला तो विनोद होता. शाळेत मी तो सगळ्यांना सांगितला होता.

बाजार त्यांनी क्वचित बुडवला, आणि जेव्हा बुडवला तेव्हा घरच्या माणसासाठी.

मी तेवीस वर्षांचा होतो. शिक्षण संपलं होतं, नोकरीचे अर्ज चालू होते, आणि तोवर बाबांबरोबर बाजार करत होतो. त्या वर्षी चैत्रात त्यांनी एक निमाडी बैल आणला. तांबडा, अंगावर पांढरे शिंतोडे, चार दाती. इतका देखणा बैल आमच्या दावणीला क्वचितच आला असेल. फक्त वशिंडाच्या मागे पाठीवर उलट्या केसांची एक बोटभर रेघ होती आणि तिच्या टोकाला गोल भोवरा. या भोवऱ्याला आमच्याकडे नागीण म्हणतात. नागीणवाला बैल ज्या दावणीला बांधला, त्या घरात मढं निघतं, अशी समजूत आहे. बाबांचाही त्यावर विश्वास होता. म्हणून त्यांनी तो घरी आणला नाही, शेतातल्या लिंबाखाली बांधला. "कोनी तरी न माननारा भेटते," ते म्हणाले. "शिकेल लोकं मानत नाहीत. सांगून इकू."

तीन बाजार बैल परत आला. लोक कौतुकाने जवळ येत, बाबा नागीण दाखवत, लोक कपाळाला हात लावून पुढे जात. एक म्हातारा दलाल मला दर बाजारी टोमणा मारी. "काय बे, तुह्या बापाले बैल इकाचा हाय का कीर्तन कराचं हाय?" मी हसत असे, पण मला ते लागत होतं.

चौथ्या बाजाराच्या आदल्या दिवशी निरोप आला, की थोरल्या बहिणीला दवाखान्यात नेलंय, बाळंतपण अडलंय. बाबा उभ्या उभ्या निघाले. एसटीच्या पायरीवरून मागे वळून म्हणाले, "उद्या तू जाय. नागीण पयले सांगजो, मंग रुमाल टाकजो."

मी ते ऐकलं, आणि सकाळी बाजाराबाहेरच्या न्हाव्याकडून वस्तऱ्याचं पान घेऊन बैलाची पाठ तळहाताएवढी खरडली. त्यावर हळद आणि चुना लावला, जखमेला लावतात तसा. कोणी विचारलं तर सांगायचं ठरवलं, की टेम्पोत फळीला घासलं. तेव्हा काय वाटत होतं, हेही लिहिलं पाहिजे. मला मजा वाटत होती. बापाला तीन बाजारांत जमलं नाही ते मी एका सकाळी करून दाखवणार होतो.

घेणारा आला वरवट बकालच्या पलीकडच्या एका खेड्यातून. चाळिशीच्या आतला, उंच, गळ्यात उपरणं. बरोबर त्याचा धाकटा भाऊ होता, हसरा, कॉलेजात असावा. त्या भावानेच बैलाच्या पाठीकडे बोट केलं. "हे काय झालं?"

"टेम्पोत घासलं," मी म्हणालो.

थोरल्याने भावाला मागे ओढलं. "याच्या बापाचा माल हाय. त्याले खोड असती तर याच्या बापानं गावभर वरडून सांगतली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "टाक रुमाल."

मी रुमाल टाकला. त्याच्या बोटांना घट्टे होते. भाव पाच मिनिटांत ठरला. आमच्याकडे जनावर देताना दावं देत नाहीत. देणारा आपलं दावं काढून घेतो, घेणारा आपलं बांधतो. त्याने पिशवीतून लाल-पांढरं सुती दावं काढलं आणि बैलाच्या गळ्यात बांधलं. त्याच्या भावाने बैलाच्या कपाळावर हात फिरवला.

दोन दिवसांनी बाबा आले. बहीण सुखरूप होती, मुलगी झाली होती. पेढ्याचा पुडा माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "इकला?"

"हो."

"नागीण सांगतली?"

"सांगितली. शिकलेले आहेत ते, मानत नाहीत."

बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून जाणवते.

आषाढात त्या शेतकऱ्याचा धाकटा भाऊ शेतातली मोटार चालू करायला गेला आणि विजेच्या धक्क्याने जागच्या जागी गेला. आम्हाला ते कळलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन त्यांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात. घरात मयत झालं होतं म्हणून त्या वर्षी त्यांच्याकडे सण नव्हता, पण बैलांचे खांदे मळायला थोरला गोठ्यात गेला आणि ओल्या पाठीवर हात फिरवताना त्याच्या बोटांना उलटे केस लागले. तोवर ते पुरते वाढले होते.

पोळ्यानंतरच्या पहिल्या बाजारात तो बैल घेऊन आला. गुरांना पाणी पाजायच्या सिमेंटच्या हाळाजवळ बाबा चार लोकांत उभे होते, मी त्यांच्या बाजूला होतो. त्याने बैल बाबांच्या पुढ्यात उभा केला. आवाज चढवला नाही.

"भाऊ, याच्या पाठीवरून हात फिरवा."

बाबांनी हात फिरवला. बोटं भोवऱ्यावर थांबली.

"इकताना इथं हळद लावेल होती. सांगतलं नाही. माह्या दारातून मढं निघालं. एकवीस सालाचा होता." मग मात्र त्याचा आवाज फाटला. "पोरी-बाळीचा बाप हायेस ना तू? तुह्याही घरातून असंच निघन!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते माझे दात मोजावेत तसे बघत होते, हा अजून किती लहान आहे ते. मग त्या माणसाकडे वळून म्हणाले, "चुकलं माह्यं. बैल माघारी घेतो."

मी बोलू शकलो असतो. माझ्या आणि त्या माणसाच्या मध्ये चार पावलांचं अंतर होतं. मी खाली बघत राहिलो. बाबांनी त्याची रक्कम परत केली. रिवाजाप्रमाणे त्याने आपलं दावं सोडून न्यायला हवं होतं. त्याने हात झटकले. "दावंही ठेव. तुह्या घरचं वारं लागलेलं मले काहीच नोको." आणि निघून गेला.

तो बैल बाबांनी परत विकला नाही. घरीही आणला नाही. लिंबाखाली बांधला आणि त्या दिवसापासून स्वतः शेतातल्या खोलीत राहायला गेले. आईने पहिल्या आठवड्यात निरोपावर निरोप पाठवले, मग स्वतः गेली. मी बांधावर उभा होतो. बाबा तिला म्हणाले, "त्याच्या तोंडून निघालं ते मी ऐकलं ना. घरात पोरगी हाय, तू हाय, नात येते जाते. बैल माह्याजवळ, मी बैलाजवळ. जे होईन ते मले होईन."

"पन तुम्ही असं काऊन केलं?" आईने विचारलं. "तुम्ही त्याले सांगतलं काऊन नाही?"

बाबा बैलाच्या पुढ्यात कडबा टाकत राहिले.

अकरा वर्षं. सणासुदीला ते दिवसा घरी येत, तेही विहिरीवर अंघोळ करून. धाकट्या बहिणीच्या लग्नात मांडवाच्या कडेला उभे राहिले, कन्यादान चुलत्याने केलं. माझ्या मुलाला त्यांनी पहिल्यांदा उचललं ते तो दहा महिन्यांचा झाल्यावर, शेताच्या बांधावर. बांगड्या मात्र ते बाजारातून आणत आणि माझ्याबरोबर घरी पाठवत. त्या मापाच्याच असत.

त्यांचा डबा मी नेत असे. आई करायची, मी न्यायचो. पावसाळ्यात खोली गळायची, बाबांना खोकला लागला तो कायमचा. मी कितीदा तरी बोलायला तोंड उघडलं. ते म्हणत, "डबा धुऊन ने." एकदाच, बैलाच्या अंगाला खरारा करता करता ते आपणहून बोलले. "तुले नोकरी लागाची हाय. लगन व्हाचं हाय. बजारात नाव गेलं का पोरी देत नाहीत लोकं." मग म्हणाले, "माह्यं काय, माह्यं लगन झालेलं हाय."

ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

धंदा त्यांनी सोडला नाही, पण त्यांच्या बैलांच्या पाठीवरून लोक आता हात फिरवून बघू लागले. रुमाल टाकण्याआधी बाबा स्वतःच म्हणत, "पाहून घ्या." खोड सांगणं त्यांनी बंद केलं नाही. ऐकणारे आता एकमेकांकडे बघत.

मला नोकरी लागली, पशुसंवर्धन खात्यात. गावोगाव फिरून मी गुरांना लसी टोचतो. भोवऱ्याने माणूस मरत नाही हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे आणि मला ते खरोखर पटलेलं आहे. मला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नाही. तो मुलगा विजेने गेला, हे मला ठाऊक आहे. पण त्याच्या भावाने बाबांच्या नावावर विश्वास ठेवून बैलाच्या पाठीला हात लावला नव्हता, आणि त्यानंतर तो जे काही समजला, त्याची सुरुवात माझ्या हळदीपासून होती. बैल म्हातारा होऊन लिंबाखालीच गेला. त्याला पुरल्यावर बाबा घरी आले. तोवर त्यांना आडवं झोपलं की श्वास पुरत नसे. पुढची सोळा वर्षं ते भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपले.

दावं सापडलं त्याच्या दुसऱ्या रविवारी मी पूर्णा नदी ओलांडून त्या शेतकऱ्याच्या गावाला गेलो. तो माणूस आता म्हातारा झाला आहे. ओट्यावर बसून सूत वळत होता, तसंच लाल-पांढरं. गोठ्यात बैल नव्हते, एक मोटारसायकल उभी होती. मी गावाचं आणि बाबांचं नाव सांगितलं. त्याचे हात थांबले.

"मेला म्हनते तो."

"हो. सव्वा वर्ष झालं."

"मी मातीले आलो नाही."

मी पिशवीतून दावं काढून ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. वस्तऱ्याचं पान, हळद, चुना, एसटीच्या पायरीवरचं बोलणं. आतून त्याची बायको येऊन चौकटीत उभी राहिली होती.

"मंग बापानं काऊन म्हटलं, माह्यं चुकलं?"

"माझं लग्न व्हायचं होतं."

"अन् तू तिथंच होता?"

"हो."

"बैलाचं काय केलं त्यानं? मले वाटलं, दुसऱ्याच्या गळ्यात बांधला असन."

मी ते अकरा वर्षांचं सांगितलं. त्याने हातातलं सूत बाजूला ठेवलं. बायको म्हणाली, "स्टार्टरजवळ ओल होती. मी तवाच म्हनत होती, बैलाचं काही नाही."

"तू चूप राय," तो म्हणाला, पण त्यात जोर नव्हता. मग मला म्हणाला, "मले हलकं कराले आला का सोताले? आजलोक मले एकच दुःख होतं. आता चांगल्या मानसाले शाप देल्याचंही झालं."

मी ओट्यावरचं दावं त्याच्याकडे सरकवलं.

"हे मले एकट्याले काऊन सांगून राह्यला?" तो उठून उभा राहिला. "मी त्याले एकट्यात म्हटलं होतं काय? बजारात म्हटलं होतं. बजारातच सांग. दावं तिथं आन."

बाजाराच्या दिवशी मी रजा काढून गेलो. आता तिथं बकऱ्याच जास्त येतात. बैलांच्या जोड्या मोजक्या. तो सकाळपासून हाळाजवळ येऊन बसला होता, धुतलेला सदरा घालून. जुन्या लोकांपैकी पाच-सहा जण चहाच्या टपरीवर होते. त्याने हात करून त्यांना बोलावलं. मला टोमणे मारणारा तो दलाल अजून आहे, नव्वदीला टेकलेला, काठी टेकत तोही आला.

मी बाबांचं नाव घेऊन सांगितलं, की त्या सौद्यात खोड त्यांनी लपवली नव्हती, मी लपवली होती. त्यांनी मला सांगायला सांगितलं होतं. मी त्यांच्याशीही खोटं बोललो होतो. आवाज मोठा ठेवायचा प्रयत्न केला, बाबांचा असायचा तसा. बकऱ्यांच्या ओरडण्यात तो किती लोकांपर्यंत गेला कोण जाणे.

दलाल म्हणाला, "अठ्ठावीस सालं झाले बे. तो गेला. आता कोनाले पाह्यजे हे?"

"मले पाह्यजे," तो माणूस म्हणाला. मग माझ्या हातातलं दावं घेतलं, खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता बसस्टँडच्या दिशेने चालू लागला.

घरी आलो तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. घरात तिची सून आहे, नातसूनही येईल आता, पण मी जेवायला बसलो की आजही आईच वाढते. मी एक्कावन्न वर्षांचा झालो तरी हे तिने कोणाला करू दिलेलं नाही. पाट मांडत तिने विचारलं, "बजारात काऊन गेलता? आपल्या घरी तं शेळीही नाही."

मी उभा राहूनच सांगितलं. बाजारात सांगणं सोपं होतं, हे मला तेव्हा कळलं. आईने सगळं ऐकलं. तिच्या हातात भाकरीची टोपली होती.

"मी त्याहिले इचारलं होतं," ती म्हणाली. "काऊन केलं म्हनून. किती डाव इचारलं." मग तिने विचारलं, "डबा कोन नेत होतं?"

"मी."

तिने टोपली खाली ठेवली आणि आतल्या खोलीत गेली. त्या दिवशी मला बायकोने वाढलं.